सत्तावीस किलोचा निर्णय

मंगळवार, ४ फेब्रुवारी

संगणक आज दुपारी गेला. शाळेचा मागचा जिना चढता चढता सातव्या पायरीवर त्याने मान टाकली. पडदा काळा झाला, जळक्या धुळीचा वास आला आणि मी आधी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. माणूस गेलं की बघतात तसं.

जिना खरा नव्हे. खरी शाळा पाडून सहा वर्षं झाली. मी एकतीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढले, निवृत्तीनंतर संगणकात घरं उभी करायचा प्रोग्रॅम शिकले आणि दोन वर्षं झाली, आमची कॉन्व्हेंट शाळा आठवणीतून बांधते आहे. लाल फरशीचा व्हरांडा, पियानोची खोली, शिवणाच्या सिस्टरांचं कपाट. एकोणीस एप्रिलला आमच्या वर्गातल्या मुली जमणार आहेत. मुली म्हणजे सगळ्या बासष्टच्या पुढच्या. त्यांना फाटकापासून गच्चीपर्यंत सात मिनिटांची फेरी घडवायची आहे. सात मिनिटांची दहा हजार ऐंशी चित्रं होतात, आणि प्रत्येक चित्र संगणक ऊन-सावली मोजत मोजत रंगवतो. मी त्याला शिजवणं म्हणते. तर आता माझी चूलच विझली.

संध्याकाळी बाळ्याचा फोन. माझा मुलगा, वय बेचाळीस, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याला संगणक गेल्याचं सांगितलं तर म्हणाला, बरंच झालं, आता उचलून नेता येईल असा घे. गेल्या वर्षी मला ताप आला होता आणि मी त्याला तीन दिवस कळवलं नाही. तेव्हापासून मी त्याच्याकडे कायमचं राहायला जावं असा त्याने ध्यास घेतला आहे. या घरासाठी भाडेकरूसुद्धा शोधून ठेवलाय, नवराबायको, दोघंही दातांचे डॉक्टर. एक एप्रिलपासून येतील म्हणे. लॅपटॉप घेतलास की तुझं काम कुठेही बसून होईल, मग अडचण काय?

अडचण काहीच नाही. मी म्हटलं, आधी प्रोसेसरचं नीट बघते. अशा गोष्टी घाईने करू नयेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाळ्याने सांगितलेल्या दुकानात गेले. तिथली मुलगी फार गोड. लॅपटॉप दोन बोटांत धरून वहीसारखा उघडला. म्हणाली, हा अगदी नव्या पिढीचा प्रोसेसर. कितवी पिढी, विचारलं तर चौदावी. मी म्हटलं, आमच्या घराण्यात तिसरीलाच पहिल्या दोघींचं पटत नव्हतं. ती हसली, पण लगेच किंमत सांगितली.

वजन दीड किलोसुद्धा नाही. पटकन सुरू होतो, आवाज नाही. खोट काढायला जागा नाही अशा वस्तूबद्दल मला शाळेपासून संशय आहे. आमच्या वर्गातली जी मुलगी कधीच बोलणी खात नसे, तिच्याच दप्तरात चिंध्यांची बाहुली सापडली होती. नववीत.

बाळ्याने दुकानदाराशी फोनवर बोलून लॅपटॉप घरी पाठवायची व्यवस्था केली. पसंत नसला तर पंधरा दिवसांत परत.

सोमवार, १० फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एका माणसाचं नाव सुचवलं होतं. त्याच्याकडे गेले. मोठमोठ्या कचेऱ्या आपले जुने संगणक निकालात काढतात, ते हा घेतो, पुसतो, दुरुस्त करतो आणि विकतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव भंगारशास्त्री ठेवलं आहे, कारण प्रत्येक डब्याची कुंडली त्याला तोंडपाठ. हा कुठे होता, किती वर्षं जागला, कोणी किती छळलं.

माझी गरज ऐकून त्यांनी एक लांबट, करडा, अत्यंत कुरूप डबा दाखवला. हा सर्व्हर. मोठ्या कचेरीत शेकडो लोकांचं काम एकट्याने उपसायला ठेवतात तसला. त्यात अकरा वर्षांपूर्वीचे दोन प्रोसेसर, प्रत्येकात बारा कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारी बारा डोकी. म्हणाले, "बाई, यातला एकेक कोअर नव्यापेक्षा मठ्ठ आहे. पण चोवीस आहेत, आणि एकालाही सुट्टी माहीत नाही."

मला आमचा शिवणाचा तास आठवला. वेदीवरचं मोठं कापड चौफेर टाचायचं असायचं. हुशार मुलीला दिलं तर ती आठवडाभर एकटीच मिरवत बसायची. सिस्टर आम्हा चोवीसजणींना गोल बसवायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर कापडाचा आपापला तुकडा, आणि तास संपायच्या आत काम पुरं. आमच्यात एकही हुशार नव्हती.

वजन विचारलं. सत्तावीस किलो. हे ऐकून का कोण जाणे, मला फार बरं वाटलं.

शास्त्री म्हणाले, घर बदलायचा विचार असेल तर मात्र हा घेऊ नका, एकदा ठेवला की ठेवला. मी म्हटलं, माझं तसलं काही नक्की नाही. पंधरा दिवस वापरून बघायला द्यायला तयार झाले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज दोघांची परीक्षा घेतली. अगदी निःपक्षपातीपणे. दोघांना तीच दहा चित्रं, पियानोच्या खोलीची. वेळ वहीत मांडली.

लॅपटॉप नवा कोरा, त्याला ओरखडा पडू नये म्हणून पलंगावर मऊ उशी ठेवली, तिच्यावर मी काल विणलेली लोकरीची चटई आणि तिच्यावर लॅपटॉप. शाळेत प्रत्येक चांगल्या वस्तूखाली विणलेलं काहीतरी असायचंच. पियानोखालीसुद्धा चार पायांना चार गोल. धूळ बसू नये म्हणून झाकण अर्धं मिटलं आणि वरून पातळ रुमाल घातला. डब्याला काय घालणार? त्याला तसाच जमिनीवर ठेवला.

निकाल: लॅपटॉपने पहिलं चित्र साडेतीन मिनिटांत काढून दाखवलं, आणि मग त्याला जी धाप लागली ती लागली. सरासरी सहा मिनिटं दहा सेकंद. डब्याला प्रत्येक चित्राला चार मिनिटं, पहिल्यालाही चार, दहाव्यालाही चार. दहा हजार ऐंशी चित्रांचा हिशोब केला. लॅपटॉपला त्रेचाळीस दिवस, डब्याला अठ्ठावीस.

अंकांपुढे कुणाचं काय चालणार? मी बाळ्याला लगेच कळवलं. तो म्हणाला, विचित्रच आहे, मी वाचलं त्यात उलटं होतं. मी म्हटलं, वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं.

आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

खालच्या वहिनी वर आल्या. ताई, तुमच्याकडे हेलिकॉप्टर उतरलंय का, असं विचारलं. डब्याचे पंखे त्यांच्या झोपायच्या खोलीवर येतात. मी त्यांना आत नेऊन दाखवला. त्यांनी कमरेवर हात ठेवून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाल्या, हा काही कुणी सहजासहजी हलवणार नाही. मी म्हटलं, तेच तर.

डबा सरकवून बैठकीच्या खोलीत नेला. दोघींनी मिळून, मध्ये दोनदा थांबून. नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या की तुम्ही गेलात तर या जिन्यात बोलायला कुणी राहणार नाही. त्यांना कोण म्हणालं मी जाणार म्हणून?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

भंगारशास्त्री आज डबा कसा चाललाय ते बघायला आले. उगाच आले.

मी कौतुकाने वही दाखवली. त्यांनी आकडे वाचले, भुवया वर नेल्या, आणि लॅपटॉप कुठे आहे विचारलं. मी आत नेऊन दाखवला. उशी, चटई, रुमाल. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, या पोराचा तुम्ही जीव घेताय."

हवा खालून आत जाते आणि मागून बाहेर पडते म्हणे. मी खालून कोंडली आणि मागून झाकली. तापला की तो आपणहून हळू चालतो, नाहीतर जळेल. त्यांनी तो टेबलावर ठेवला, मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं लावून उंच केला आणि तीच दहा चित्रं पुन्हा लावली.

मी त्यांना विचारलं, तुमचा डबा विकला जायचा आहे ना, मग कशाला एवढा उपद्व्याप? ते म्हणाले, खोट्या मापाने विकलेली वस्तू परत येते, आणि मला सत्तावीस किलो पुन्हा जिन्यावरून उतरवायचे नाहीत.

निकाल उद्या लिहीन. आज हात दुखतोय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तीन मिनिटं पस्तीस सेकंद. दहाही चित्रांना. म्हणजे पंचवीस दिवस, डब्यापेक्षा तीन कमी.

बाळ्याला अजून सांगितलेलं नाही. वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. लॅपटॉपचे इतर दोष मी शांतपणे विचारात घेते आहे. त्याच्या पडद्यात माझंच तोंड दिसतं. त्याची बटणं फार गुळगुळीत आहेत, शहाण्या माणसासारखी बोटाखालून निसटतात. तो फार हलका आहे, आणि हलक्या वस्तू हरवतात. शिवाय तो कुठेही नेता येतो. हा दोष का, ते नीट मांडता येत नाहीये, पण आहे.

शास्त्रींनाच फोन करून विचारलं, डब्याच्या बाजूने खरं बोलण्यासारखं काही आहे का? म्हणाले, आहे की. लॅपटॉप महिनाभर अहोरात्र पूर्ण जोरात पळवायला बनवलेला नाही. डब्याचा जन्मच त्यासाठी आहे. तुम्ही घरात असा नसा, तो आपला चालूच. लिहून घेतलं. पण हेही म्हणाले की तीन दिवसांचा फरक मात्र फरकच आहे, आणि वीज लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त खातो. हे नाही लिहून घेतलं. आता लिहिलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाळ्या उद्या येतोय. वहीचं तेरा तारखेचं पान उघडून ठेवायचं की वीसचं?

शाळेत दर शुक्रवारी आठवड्याचे अपराध आठवून सांगावे लागत. मी दर वेळी एकच सांगायचे, मधल्या सुट्टीत ढकलाढकली. सोपा अपराध होता. खरे कधी सांगितलेच नाहीत. ते बहुतेक आजही तिथेच असतील, त्या पाडलेल्या भिंतीत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

बाळ्या दहा वाजता आला. मी तेरा तारखेचं पान पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं, कारण तो लहानपणापासून सगळं नीटच वाचतो, आणि म्हणाला, ठीक आहे आई, तुला डबा पसंत आहे तर डबाच घेऊ. मी इतकी खूश झाले की चहात साखर दोनदा घातली. बाहेर येऊन बघते तर तो जमिनीवर गुडघे टेकून टेपने डब्याची लांबी मोजत होता.

त्याने खिशातून कागद काढला. त्यावर त्याच्या घराचं रेखाटन, स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत चौकोन काढलेला. वीजवाल्याशी बोलून ठेवलंय म्हणे, जाड तार ओढून देईल. आवाज येऊ नये म्हणून दाराला पट्टी लावणार. हमाल दोन. रेखाटन वाकडं होतं, प्रमाण चुकलं होतं, भिंतीची जाडी विसरला होता. दुसरा कुणी असता तर मी सुधारून दिलं असतं. मी तो कागद हातात धरून उभी राहिले. सत्तावीस किलो असूनही तो डबा बाळ्याच्या घरी चालला होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "मला यायचं नाहीये रे."

मी स्वतःच दचकले.

बाळ्या जमिनीवरच बसला. टेप सर्रकन आत गेली. म्हणाला, "हे आधी सांगायचं ना. मी पंधरा दिवस प्रोसेसर वाचतोय."

मग मी वीस तारखेचं पानही दाखवलं. उशीचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं. उशीपर्यंत तो गंभीर होता. लोकरीच्या चटईला त्याचं तोंड वाकडं झालं, आणि मग तो इतका हसला की चष्मा काढावा लागला. चष्मा पुसून झाल्यावर मात्र विचारलं, आमच्याकडे तुला काय कमी आहे?

मी म्हटलं, "काहीच कमी नाही. पण तुझ्याकडे मी दिवसभर कुणाचीतरी आई असते. इथे दुपारचे दोन तास मी कुणीच नसते."

त्याला समजलं की नाही कोण जाणे. मलाही आत्ता लिहिताना समजतंय. त्याने खाली बघतच विचारलं, आणि पुन्हा ताप आला तर? मी म्हटलं, पहिल्या दिवशी कळवीन. तो म्हणाला, पहिल्या तासाला. मी म्हटलं, थर्मामीटर लावायला तरी वेळ दे. अर्ध्या तासाची सवलत मिळाली.

मग तो गॅलरीत जाऊन दातांच्या डॉक्टरांशी बोलला. पाठ माझ्याकडे होती. दोनदा त्याने माफ करा म्हटलं. मला वाईट वाटलं, आणि मी त्याच्या आवडीचं सूप करायला घेतलं. लॅपटॉप तो जाताना दुकानात परत द्यायला घेऊन गेला. चटई मात्र मागून घेतली. कशाला हवी, म्हटलं, तर ती घडी करून पिशवीत टाकली.

शनिवार, १ मार्च

डबा कायमचा झाला. शास्त्रींनी त्याच्या पायांखाली रबर लावलं, खालच्या वहिनींनी खालून ओरडून पास केलं. आज सकाळी साडेनऊला पहिलं चित्र लागलं. फाटक. अठ्ठावीस दिवस. काम पुरं झालं की माझ्या फोनवर निरोप येईल अशी सोय शास्त्रींनी करून दिली.

सोमवार, १७ मार्च

मधे चौदा तास वीज नव्हती. वीज आल्यावर डबा जिथे थांबला होता तिथून मुकाट्याने पुढे. आता तीस तारीख उजाडेल. मला त्याच्या आवाजाची सवय झाली आहे. थांबला होता तेव्हा घर ओळखीचं वाटेना.

सूनबाईचा फोन. तुम्ही राहायला नाही तर नाही, पाहुण्या म्हणून तरी याल का, आठ दिवस? गेल्या वर्षभरात मी त्यांच्याकडे एक रात्रही राहिले नव्हते. एकदा गेले की बॅग उघडीच राहील, अशी भीती होती. आता डबा शिजतोय, तीसला परतावंच लागेल. मी लगेच हो म्हटलं.

रविवार, २३ मार्च, बाळ्याचं घर

इथे फार मजेत आहे. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत माझी खाट टाकली आहे. वीजवाल्याने तार ओढून ठेवलीच होती, बाळ्याने तिला वाचायचा दिवा लावला. दाराची पट्टीही लावून झाली आहे, त्यामुळे भांड्यांचा आवाज येत नाही. उशाशी ती लोकरीची चटई, पाण्याच्या तांब्याखाली.

जो येतो तो म्हणतो, अजून चार दिवस राहा. मी म्हणते, राहिले असते हो, पण घरी मशीन लावून आले आहे. हे वाक्य किती छान आहे. कुणी रागवत नाही, कुणाला वाईट वाटत नाही, उलट सगळे माझ्याकडे आदराने बघतात. सुनेने काल शेजारणीला सांगितलं की आमच्या सासूबाईंचं मोठं काम चालू आहे.

बुधवार, २६ मार्च

दुपारी निरोप आला. काम पूर्ण. चार दिवस आधीच! गच्चीच्या चित्रांत नुसतं आकाश आणि कठडा, ती भराभर झाली असणार. दहा हजार ऐंशी. मला उठून नाचावंसं वाटलं.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. तो सूनच घेऊन आली, आई, तुमचा फोन वाजला, म्हणून. मी पडद्यावरचा निरोप वाचला आणि फोन पदराआड केला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, मग आता जायची घाई कसली? आणि खरं सांगायचं तर आज निघायचाही मला धीर होईना. उद्या सून मला पोहण्याचा तलाव दाखवणार आहे. तर डबा शिजतोच आहे, असं धरून चालायचं. हा अपराध ढकलाढकलीपेक्षा थोडा मोठा आहे.

शुक्रवार, २८ मार्च

सून दोन दिवस फारच प्रेमाने वागते आहे. कामावरून लवकर आली, माझे केस विंचरून दिले. बाळ्याने जेवताना विचारलं, आई, शिजत आलं का? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तिनेच सांगून टाकलं, अजून वेळ आहे, तू वाढ आधी. माझी सुटका झाली. योगायोग असतात असे.

रविवार, ३० मार्च, घरी

दुपारी परत आले. डबा गार होता, पंखे संथ. पडद्यावर गच्चीचा कठडा आणि त्यापलीकडे मी रंगवलेलं दहावीच्या शेवटच्या दिवसाचं आकाश. आधी खालच्या वहिनींना बोलावून पूर्ण फेरी दाखवली. त्या जिन्यावर थांबल्या, म्हणाल्या, ताई, इथे कुणीतरी आत्ताच पळत गेलंय असं वाटतं. एकोणीस एप्रिलला काय होईल ते होवो, माझे पैसे वसूल झाले.

सकाळी निघताना बाळ्याने बॅग गाडीत ठेवली. राहा म्हणाला नाही, थर्मामीटर आणि पहिला तास विसरू नकोस एवढंच म्हणाला. सून दारापर्यंत आली, वाकून नमस्कार केला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आई, पुढचा सिनेमा मोठा करा. महिनाभर तरी शिजेल असा. आणि लावलात की लगेच इकडे या."

तिला सिनेमाची एवढी आवड असेल असं मला वाटलं नव्हतं.